‘क्रॉसओव्हर’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (देवगड):
आमच्या भजनी मंडळासाठी मी दोन ॲक्टिव्ह (ॲम्प्लिफायर आतच असलेले) स्पीकर घरीच बांधले असून त्यांचा डिजिटल क्रॉसओव्हर, म्हणजे आवाजातले खर्जाचे व बारीक स्वर वेगवेगळ्या कर्ण्यांकडे पाठवणारी योजना, ‘एडीएयू १७०१’ या चिपवर बसविला आहे. मंडळातील मुलांसाठी त्याची माहितीवही मराठीत लिहीत असताना ‘वूफर’ (खर्जाचा कर्णा), ‘ट्वीटर’ (बारीक स्वरांचा कर्णा) हे शब्द तसेच ठेवले. ‘क्रॉसओव्हर’पाशी मात्र अडलो. ‘विभाजक’ लिहावे की ‘छेदक’? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (गुहागर):
‘छेदक’ नको, आलेखावरच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात, एवढाच त्याचा अर्थ होईल. ‘विभाजक’ म्हटले की महामार्गावरचा दुभाजक डोळ्यांपुढे येतो, आणि इकडचे वाहन तिकडे जात नाही अशी चुकीची समजूत होते. प्रत्यक्षात, लिंकविट्झ यांनी १९७६ साली मांडलेल्या आणि आता लिंकविट्झ-रायली या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या, दर सप्तकास २४ डेसिबल उताराच्या रचनेत २००० हर्ट्झवर क्रॉसओव्हर ठेवला, तर त्या कंप्रतेला वूफर व ट्वीटर दोघेही वाजतात, दोघेही ६ डेसिबल उतरलेले, म्हणजे प्रत्येकाचा निम्मा ध्वनिदाब, आणि दोन्ही निमे एकाच कलेत (त्यांच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होत) असल्याने बेरीज पूर्ण भरते. ४००० हर्ट्झला वूफरकडे सतरावा हिस्सा उरतो; १००० हर्ट्झला ट्वीटरची तीच गत.

ही आपल्याकडच्या जमिनीची वाटणी झाली. भाऊ वेगळे होतात, पण विहीर आणि पाणंद सातबाऱ्यावर सामाईक राहते. म्हणून क्रियेला ‘वाटणी’ आणि दोघे मिळून वाजतात त्या भागाला ‘सामाईक पट्टा’ म्हणावे, असे माझे मत आहे. उपकरणाचे नाव ‘क्रॉसओव्हर’च राहू द्यावे, दुकानात दुसरे कोणी समजणार नाही.

विचारणा करणाऱ्याचे प्रत्युत्तर (देवगड):
‘सामाईक पट्टा’ मनापासून पटला, कारण बुवांच्या आवाजाची स्पष्टता याच पट्ट्यावर बरीचशी अवलंबून आहे. पखवाजाच्या धुमेची थाप वूफरकडे आणि झांजेचा किणकिणाट ट्वीटरकडे बिनबोभाट जातो, भांडण मधल्यांचे. काल मुद्दाम ट्वीटरच्या तारा उलट जोडून पाहिल्या, तेव्हा दोन्ही निमे एकमेकांविरुद्ध जाऊन २००० हर्ट्झचा चाचणी-स्वर जवळजवळ नाहीसाच झाला. (तारांची टोके खाऱ्या हवेने हिरवी पडली होती, ती आधी घासावी लागली, हा भाग वेगळा.)

आणखी एक शंका आहे. वूफरचा शंकू ट्वीटरच्या मागे असल्यामुळे ट्वीटरला थोडे थांबवावे लागते. डिजिटल चिप आवाजाची मोजमापे, म्हणजे नमुने, घेते; सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, तर एका नमुन्याच्या अवधीत ध्वनी सुमारे ७ मिलिमीटर जातो. माझ्या पेटीत तीन नमुन्यांनी जमले. याला ‘विलंब’ म्हणावे काय?

उत्तर (गुहागर):
‘विलंब’ म्हटले की कोणाची तरी चूक झाली असे वाटते, आणि येथे तर उशीर हेतुपुरस्सर केलेला आहे. ‘थोपवण’ लिहावे: ‘ट्वीटरला तीन नमुन्यांची थोपवण’. आणि तारा उलट जोडून पाहिल्याची गोष्ट वहीत अवश्य घालावी. थोपवण बरोबर असली तरच स्वर तसा बुडतो, हे मुलांना त्यावरूनच कळेल.