मदत हवी आहे : अस्तरात भिरंडेल मुरलेले फोमचे क्लॉग कसे धुवावेत?

नमस्कार. आम्ही शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. सासूबाई हिवाळ्यात इकडे असतात तेव्हा त्यांना जमीन फार गार लागते, म्हणून त्यांच्यासाठी आतून मऊ, केसाळ अस्तर असलेले फोमचे क्लॉग (पुढून बंद, मागून उघडे पादत्राण) घेतले आहेत. त्या ते घरात दिवसभर घालतात, आणि कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला जाणारे घरातले इतर लोकही जवळ दिसतात म्हणून तेच पायात सरकवतात.

हीटरच्या कोरड्या हवेने सासूबाईंच्या टाचांना भेगा पडतात. त्यावर रोज रात्री त्या गावाहून आणलेले भिरंडेल (कोकमाच्या बियांचे थंडीत गोठणारे तेल) कोमट करून चोळतात आणि लगेच क्लॉग घालतात. भेगांना त्याचा उत्तम गुण येतो, त्यामुळे ते बंद करा असे मी त्यांना सांगणार नाही. परंतु टाचेखालचे पांढरे अस्तर आता पिवळट झाले असून त्याचे केस एकमेकांना चिकटून मेणचट पापुद्रा तयार झाला आहे. बोटाने खरवडल्यास नखात मेण येते, मोज्यांचे धागे त्यात रुतून बसले आहेत आणि किंचित खवट वासही येऊ लागला आहे. शिवाय बाहेरच्या बाजूला, रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी टाकतात त्या मिठाचे पांढरे ओघळ आहेत.

माझी अडचण अशी की, भिरंडेल थंड पाण्यात सुटत नाही आणि या पादत्राणांना उष्णता चालत नाही असे सगळीकडे वाचायला मिळते. अस्तर पॉलिएस्टरचे असून आत शिवलेले आहे, ते बाहेर काढता येत नाही. अशा स्थितीत पाणी किती गरम घ्यावे, साबण कोणता वापरावा आणि नंतर हे वाळवावे कसे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
आपली अडचण दिसते तेवढी बिकट नाही, कारण भिरंडेल वितळण्याचे आणि फोम बिघडण्याचे तापमान यांत पुरेसे अंतर आहे. भिरंडेल साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होते, म्हणजे दुधाला विरजण लावताना आपण ते जेवढे कोमट ठेवतो तेवढेच पाणी इथे पुरते. फोम आक्रसण्याचा खरा धोका असतो तो कपड्यांचा ड्रायर, डिशवॉशर, हीटरची जाळी आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत. हाताला सहज सोसवणाऱ्या पाण्याने काही होत नाही.

प्रथम पापुद्रा कोरडा असतानाच बोथट चमच्याने जेवढा निघेल तेवढा खरवडून काढावा. नंतर भांडी घासण्याचा द्रव साबण पाणी न घालता थेट त्या जागी लावून बोटांनी केसांच्या मुळापर्यंत चोळावा आणि पंधरा-वीस मिनिटे तसाच राहू द्यावा. आधी पाणी ओतले तर साबण पातळ होतो आणि तेलकट थरावरून नुसता घसरून जातो. त्यानंतर कोमट पाणी घालून जुन्या मऊ टूथब्रशने घासावे, पाणी ओतून द्यावे, आणि ओतलेले पाणी गढूळ दिसणे थांबेपर्यंत हेच करत राहावे. खळबळताना पाणी कोमटच हवे. गार पाणी घेतल्यास सुटलेले तेल पुन्हा केसांवर गोठते. कपडे मऊ करणारे द्रावण मात्र वापरू नये, कारण ते धाग्यांवर स्वतःचा थर चढवते, आणि आपल्याला तर थरच काढायचा आहे.

प्रतिसाद २ :
वरील सल्ला योग्य आहे. मिठाच्या ओघळांसाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने पुसावे आणि मग साध्या पाण्याने पुन्हा पुसून घ्यावे. हा फोम बंद छिद्रांचा असल्याने मीठ आत जात नाही, वरच बसते. खवट वासासाठी खाण्याचा सोडा चालतो, पण तो धुऊन पूर्ण वाळलेल्या अस्तरावर रात्रभर भुरभुरून सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. अनेक जण सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात; फेस भरपूर येतो, परंतु दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती खारट पाणी उरते.

धागाकर्ती :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आधी एकाच पायाचा क्लॉग धुऊन पाहिला. मेणचटपणा गेला, पिवळेपणा बराच उतरला आणि व्हिनेगरने बाहेरची बाजू स्वच्छ झाली. परंतु पंख्यासमोर ठेवूनही पुढचा चवडा अजून आतून ओलसर लागतो, आणि टाचेखालचे केस बसलेलेच आहेत. हेअर ड्रायर फिरवावा काय?

प्रतिसाद १ :
गरम झोत नको. त्याने फोमची कडा वाकू शकते आणि पॉलिएस्टरचे केस आणखी आक्रसतात. थंड झोताची सोय असेल तर तो चालेल. चवडा शेवटी वाळतो, कारण तिथे हवा खेळत नाही. क्रॉक्सने 2002 साली आपला पहिला क्लॉग आणला तो नौकेवर वापरण्यासाठी, त्यामुळे वरच्या छिद्रांतून वारा आणि पाणी दोन्ही मोकळे जात. अस्तर लावले की ती सोय निम्मी संपते. कोरडा पंचा आत घट्ट कोंबून हाताने दाबावा, ओला झाला की बदलावा, आणि मग टाच खाली व चवडा वर असा क्लॉग भिंतीला टेकवून ठेवावा. वर्तमानपत्र कोंबू नये, पांढऱ्या अस्तराला शाई लागते. आत हात घालून गारवा जाणवतो तोपर्यंत सासूबाईंना घालायला देऊ नये. भेगाळलेल्या टाचेला ओल चांगली नाही, आणि त्यांना मधुमेह असेल तर विशेष जपावे.

केस जवळजवळ वाळले असताना मांजर-कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या तारांच्या मऊ ब्रशने उलट्या दिशेने विंचरावेत. वजनाने चेपलेले केस पूर्वीसारखे उभे राहणार नाहीत, थोडे फुगतील एवढेच.

प्रतिसाद ३ :
धुण्याचे सर्व उपाय वर आलेच आहेत, परंतु भिरंडेल रोज लागणार असेल तर हे पुन्हा होणारच. आमच्या आईला आम्ही भिरंडेल लावल्यावर जुने सुती मोजे घालायला देतो. तेल टाचेवर टिकते, मोजे आठवड्याच्या कपड्यांत धुतले जातात. त्याखेरीज फ्लीसच्या कापडाचा टाचेएवढा तुकडा कापून क्लॉगमध्ये नुसता ठेवला, चिकटवला नाही, तर तोही काढून धुता येतो. फक्त तो घसरत नाही ना, हे आधी स्वतः चालून पाहावे, कारण वयस्कर माणसाच्या पायाखाली सरकणारी वस्तू नको.

धागाकर्ती :
मोज्यांना सासूबाईंनी होकार दिला आहे, तुकड्याला नाही. दुसऱ्या पायाचा क्लॉग उद्या धुते. बाहेर जाणाऱ्यांसाठी बिनअस्तराचा एक वेगळा जोड दाराशी ठेवत आहे.