मदत हवी आहे : पोहण्याच्या वर्गाचे नऊच दिवस उरले आहेत

शहापूरची सून
नमस्कार. बेळगावात पोहण्याच्या २१ दिवसांच्या उन्हाळी वर्गाला नाव घातले असून आज बारावा दिवस संपला, तरीही पाच मीटरच्या पुढे मजल जात नाही. तरंगता येते, पायही मारता येतात, परंतु लगेच दम लागतो आणि कठडा धरावा लागतो. एका बॅचमध्ये तीसजण असल्यामुळे ४५ मिनिटांत प्रशिक्षकांचे प्रत्यक्ष लक्ष जेमतेम चार मिनिटे मिळते. उरलेल्या दिवसांत जास्तीत जास्त शिकायचे असेल तर काय करावे, हे कृपया लवकर सांगावे. पुढच्या बॅचची वाट पाहणे शक्य नाही.

निपाणीकर
ताई, मुलगा किती वर्षांचा आहे, उथळ भागात पाणी किती आहे आणि दम नेमका केव्हा लागतो, हे आपण लिहिलेले नाही. दहा वर्षांच्या आतला मुलगा असेल तर घाई करू नये, कारण पाण्याची भीती गेली की उरलेले त्याचे तो शिकतो.

मलप्रभाकाठ
आम्ही खानापूर तालुक्यातले लोक विहिरीत शिकलो. वडिलांनी पांगाऱ्याचा वाळलेला ओंडका कासऱ्याने पाठीला बांधला आणि ते स्वतः खालच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. पांगाऱ्याचे लाकूड वजनाला अगदी हलके असते. दर दोन दिवसांनी ते कोयत्याने त्याची एक ढलपी काढून टाकत, आणि ओंडका वीतभर उरला तेव्हा तो सुटल्याचे मला कळलेही नाही. आपणही कमरेला काहीतरी बांधून सुरुवात करावी. हात-पाय आपोआप चालू लागतात.

अनगोळकर
मलप्रभाकाठ यांच्या अनुभवाचा आदर आहे, पण हा उपाय इथे लागू पडत नाही. पाठीला आधार बांधला की तोंड पाण्यात घालण्याची गरजच उरत नाही, आणि म्हणूनच विहिरीत शिकलेली आमची पिढी आजही मान वर काढून पोहते. मान वर आली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग माणूस पुढे सरकण्याऐवजी स्वतःला वर धरण्यातच थकतो.

मलप्रभाकाठ
मान वर ठेवणाऱ्याला समोरून वाहत येणारे लाकूड दिसते. कणकुंबीला उगम पावणारी ही नदी आमच्या गावाजवळ येईपर्यंत पावसाळ्यात काय काय घेऊन येते, ते तलावात पोहणाऱ्यांना ठाऊक नसते.

अनगोळकर
नदीबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, पण ताईंचा प्रश्न तलावातला आहे.

कॅम्पचा रहिवासी
पोहून आल्यावर डोळे लाल होत असतील तर दोष एकट्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी क्लोरामाइने तयार होतात, त्यांनी डोळे चुरचुरतात. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने अंग स्वच्छ धुतलेच पाहिजे, आणि गॉगल स्वतःचाच असावा.

शहापूरची सून
सर्वांचे आभार, पण माझ्या डोळ्यांना त्रास नाही, आणि मुलाचाही प्रश्न नाही. मी स्वतः शिकते आहे. वय ४१, उथळ भागात पाणी साडेतीन फूट. माझे माहेर गडहिंग्लजकडचे. हिरण्यकेशी अगदी जवळ होती, पण आम्ही मुली कपडे धुण्यापुरत्याच पाण्यात उतरत असू आणि भाऊ मात्र पलीकडच्या काठाला जाऊन येत. मी शाळेत शिकवते, त्यामुळे शाळा सुरू झाली की सकाळ मोकळी मिळणार नाही. हे याच उन्हाळ्यात जमले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

अनगोळकर
ताई, एकच विचारतो. तोंड पाण्यात असताना आपण श्वासाचे काय करता?

शहापूरची सून
रोखून धरते. तसेच सांगितले आहे. प्रशिक्षक कन्नडमध्ये सूचना देतात. पहिल्या दिवशी ते ‘उसिरु हिडीरी’ म्हणाले, तेव्हा शेजारच्या बाईंनी त्याचा अर्थ श्वास धरा असा सांगितला. ते अजूनही रोज तेच ओरडत असतात.

अनगोळकर
मला वाटते, अडचण इथेच आहे. पहिले काही दिवस नुसते तरंगायला शिकवताना श्वास धरायलाच सांगतात, कारण हवा भरलेली छाती शरीराला वर ठेवते. पुढे पाय मारणे सुरू झाले की सूचना ‘उसिरु बिडरी’ अशी होते, म्हणजे श्वास सोडा. तलावाच्या गलक्यात ‘हिडीरी’ आणि ‘बिडरी’ यांतला फरक, कन्नड कानावरून न गेलेल्या माणसाला कळणे कठीण आहे. उद्या पाण्यात उतरण्यापूर्वीच प्रशिक्षकांना विचारून घ्यावे.

आपल्याला जो दम लागतो, तो बहुधा हवा कमी पडल्याने नव्हे, तर रक्तात साठत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे लागतो. शिवाय आधीची हवा आत असताना तोंड वर काढले, तर त्या क्षणभरात ती सोडायची आणि नवी घ्यायची, अशी दोन कामे होतात, आणि दुसरे अपुरे राहते. म्हणून चेहरा पाण्यात असतानाच नाकातून संथपणे बुडबुडे सोडत राहावे, आणि तोंड वळवल्यावर फक्त श्वास घ्यावा.

आपली पाळी नसते त्या ४१ मिनिटांत बहुतेकजण कठड्याला टेकून गप्पा मारतात. तेवढ्या वेळात कठडा धरून हे बुडबुडे शंभर वेळा सोडता येतील, त्यासाठी प्रशिक्षकांची गरज नाही. घरीही मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन सराव करता येतो. मात्र भराभर खोल श्वास घेऊन मग जास्त वेळ बुडून राहण्याची पैज लावू नये, त्यात शुद्ध हरपू शकते.

निपाणीकर
वयाबद्दलचा माझा अंदाज चुकला, क्षमस्व. एक जोड देतो. दहा मिनिटे आधी पोहोचून प्रशिक्षकांना रोज एकच नेमका प्रश्न विचारावा. ‘माझे काय चुकते’ असे विचारण्यापेक्षा ‘माझा गुडघा जास्त वाकतो का’ असे विचारले, तर ते तेवढेच पाहतात आणि लगेच सांगतात. पाय कमरेपासून हलला पाहिजे, सायकल चालवल्यासारखा नव्हे.

शहापूरची सून
आज विचारले. पाचव्या दिवसापासून ते ‘बिडरी’च म्हणत होते, आणि मी आठवडाभर श्वास धरत होते. पहिला अर्धा तास कठडा धरून नुसते बुडबुडे सोडले. सुरुवातीला नाकात पाणी जाऊन दोनदा ठसका लागला, मग ओठ मिटून नाकाने गुणगुणल्यासारखे केले तेव्हा जमले. नंतर फळी धरून निघाले आणि वाटेत तीनदा श्वास घेऊन तलावाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण १२ मीटर, न थांबता गेले.

आता तोंड उजवीकडे वळवले की श्वास नीट मिळतो, पण डावीकडे वळवले की फळी कलते आणि पाणी तोंडात जाते. आठ दिवस उरले आहेत. दोन्ही बाजू आताच शिकाव्यात, की आधी उजवीच पक्की करावी?