लेंबेला पहिल्यांदाच जातेय: विचित्र जीव दिसायचे कसे, टिपायचे कसे?

सागरवेडी:
पुढच्या महिन्यात इंडोनेशियात, सुलावेसीजवळच्या लेंबे सामुद्रधुनीत सहा दिवस डायव्हिंग करणार आहे. आतापर्यंत 30 डाइव्ह झाल्यात, सगळ्या प्रवाळांवर. मागच्या सहलीत गाइड बोट दाखवत होता आणि मला तिथे नुसता स्पंज दिसत होता. तो फ्रॉगफिश, म्हणजे हुबेहूब स्पंजसारखा दिसणारा मासा होता, हे बोटीवर आल्यावर कळलं. फार हळहळले. शिवाय सगळे फोटो निळे-हिरवे. हाउसिंगसह (पाणी आत न येऊ देणारं कवच) साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे. नजर कशी तयार करावी? स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली वापरायचा वेगळा फ्लॅश, घेऊ का?

खोलपाणी:
आधी घर शोधा, प्राणी मग दिसतो. लेंबेचा तळ बराचसा काळ्या ज्वालामुखीय वाळूचा. त्यावर एकटा स्पंज, करवंटी, बाटली दिसली की थांबायचं. करवंटीत ऑक्टोपस असू शकतो, फेदर स्टारजवळ (पिसांसारखे हात असलेला सागरी जीव) घोस्ट पाइपफिश हा समुद्रघोड्याच्या नात्यातला मासा. पिग्मी समुद्रघोडा जेमतेम दोन सेंटिमीटरचा, ठरावीक समुद्रपंख्यांवरच (पंख्याच्या आकाराची प्रवाळं) राहतो आणि अंगावरच्या गाठी थेट त्या पंख्याच्या पॉलिपसारख्या, म्हणजे त्यावरच्या इवल्या प्रवाळजीवांसारख्या. 1969 मध्ये न्यू कॅलेडोनियात गोळा करून आणलेला पंखा तपासताना तो पहिल्यांदा लक्षात आला, तेव्हा तुम्हाला फ्रॉगफिश दिसला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

बॉयन्सीवर, म्हणजे पाण्यात वर-खाली न जाता स्थिर तरंगण्यावर, मेहनत घ्या. फिनचा एक फटका बसला तरी वाळूचा ढग उठतो आणि मागच्यांचीही डाइव्ह वाया जाते. फोटोसाठी गाइड काडीने प्राणी हलवू लागला तर हाताने ‘नको’ अशी स्पष्ट खूण करा. मी करतो. निळ्या वलयांच्या ऑक्टोपसपासून मात्र लांबच. त्याच्या विषावर उतारा नाही.

मॅक्रोप्रेमी:
स्ट्रोब घ्याच. पाणी सगळ्यात आधी लाल रंग शोषतं, तुमचे फोटो त्यामुळेच निळे. स्ट्रोब किंचित बाहेरच्या बाजूला वळवा, नाहीतर पाण्यातले कण चमकून चित्रभर पांढरे ठिपके येतात. झूम न करता जवळ जा, तेही सावकाश. कॅमेरा प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा, फोकस डोळ्यावर. समुद्री गोगलगाय असेल तर डोक्यावरच्या दोन शिंगांवर. वरून काढलेल्या फोटोत फ्रॉगफिश पुन्हा स्पंजच दिसेल!

सागरवेडी:
मनापासून आभार. पहिली डाइव्ह कॅमेऱ्याशिवायच करते. पिग्मीसाठी खोल जावं लागेल का?

खोलपाणी:
बहुधा 16 मीटरच्या खालीच. तिथे वेळ कमी मिळतो, म्हणून डाइव्हच्या सुरुवातीलाच त्या पंख्याकडे न्यायला सांगा.