झिंक प्लेटिंगचा स्लज (सांडपाण्यातला गाळ) टीसीएलपीत (कचऱ्यातून विषारी घटक किती विरघळून बाहेर येतात ते पाहणाऱ्या चाचणीत) पास झाला, तर तो घातक कचऱ्यातून वगळता येतो का?

प्लेटिंग_भोसरी:
झिंक प्लेटिंग आणि त्यावर पिवळं पॅसिव्हेशन (क्रोमचा संरक्षक थर). ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या) फिल्टर प्रेसमधल्या स्लजचा टीसीएलपी करून घेतला. क्रोमियम ३.१ मिग्रॅ/लि. आलं, मर्यादा ५ आहे. एक वीटभट्टीवाला स्लज फुकट न्यायला तयार आहे. देऊ का?

ईटीपी_केमिस्ट:
अजिबात देऊ नका. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत अनुसूची १ प्रक्रियेवरून लागू होते आणि प्लेटिंगचा स्लज तिथे १२.८ क्रमांकावर आहे. अनुसूची २च्या चाचण्यांनी तो घातक नाही हे सिद्ध करायची सोय आहे, पण त्यासाठी एकट्या क्रोमियमचा आकडा पुरत नाही. तुमच्या बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणात) जे जे पडतं ते सगळं तपासावं लागतं.

झिंक आणि हेक्साव्हॅलंट क्रोम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) टीसीएलपीच्या यादीत नाहीत, त्यांना एसटीएलसी ही विरघळण्याची वेगळी चाचणी लागते. झिंकसाठी १ किलो स्लजला १० लिटर सायट्रेट द्रावण घेऊन ४८ तास हलवतात. मर्यादा २५० मिग्रॅ/लि. म्हणजे किलोमागे फक्त २.५ ग्रॅम झिंक विरघळलं की संपलं. तुमच्या स्लजमध्ये मुख्यतः झिंक हायड्रॉक्साइडच असणार, आणि ते सायट्रेटमध्ये सहज उतरतं. हेक्साव्हॅलंटसाठी मात्र सायट्रेटऐवजी डिस्टिल्ड वॉटर वापरतात, हे लॅबला आधीच सांगा.

भट्टीचा धोका वेगळाच आहे. चुना आणि हवा असताना तापवलं की ट्रायव्हॅलंट (कमी विषारी) क्रोम पुन्हा हेक्साव्हॅलंट होतं. ते पाण्यात विरघळतं आणि त्याने कॅन्सर होतो.

प्लेटिंग_भोसरी:
समजलं. वीटभट्टी रद्द. आता साठवण आणि पाठवणी कशी करू?

कन्सेंट_डेस्क:
साठवण ९० दिवस. वर्षाला १० टनांच्या आत असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ १८० पर्यंत वाढवून देऊ शकतं, पण परवानगी आधी घ्या. पक्का कोबा, वर छप्पर, पिशवीवर फॉर्म ८चं लेबल. पुणे भागातून माल रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाला जातो. फॉर्म १०च्या (मालासोबतच्या वाहतूक पत्राच्या) सात प्रतींपैकी पिवळी तुमच्याकडे राहते आणि निळी प्रकल्पाकडून परत येते. निळी आली नाही तर माल पोचल्याचा पुरावा तुमच्या हातात नाही, म्हणून पाठपुरावा करा. वार्षिक विवरण फॉर्म ४मध्ये ३० जूनपर्यंत.

ईटीपी_केमिस्ट:
एक राहिलं. बाथ सायनाइडचा असेल तर ती लाइन क्रोमच्या लाइनपासून पूर्ण वेगळी ठेवा. क्रोम रिडक्शनला (हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करायला) मेटाबायसल्फाइट टाकताना पीएच २.५च्या आसपास आणतात; त्या आम्लात सायनाइड आलं तर जीवघेणा वायू सुटतो. सायनाइड आधी पीएच १०च्या वर हायपोक्लोराइटने मोडा.