मदत हवी आहे : नोंदी पुसणाऱ्या कमांडने खात्री नेमकी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात राजारामपुरीतील एका छोट्या कार्यालयात काम करतो. करवीर, पन्हाळा आणि राधानगरी तालुक्यांतील काही दूध संस्थांसाठी आम्ही संकलनाचे सॉफ्टवेअर चालवतो. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळता दुधातील घन पदार्थ) आणि दर दहा दिवसांचे बिल एवढाच त्याचा संसार आहे. त्याच्या देखभालीसाठी मी पायथनमध्ये कमांड लाइनवरचे एक साधन लिहिले असून, त्यातली एक कमांड संस्थेचा कोड दिला की त्या संस्थेच्या सर्व नोंदी पुसते. एखादी संस्था आमच्याकडून गेली किंवा चाचणीसाठी तयार केलेली खोटी संस्था काढायची असली, तर ती वापरतात.

मागच्या महिन्यात या कमांडने एका चालू संस्थेच्या नोंदी पुसल्या. सहकाऱ्याने त्या सकाळी अकरा खोट्या संस्था एकापाठोपाठ काढल्या होत्या. दर वेळी ‘पुसायचे का?’ असा प्रश्न येत होता आणि दर वेळी ‘वाय’ व एंटर दाबले जात होते. बाराव्या वेळी वरच्या बाणाने मागची कमांड आणून शेवटचा आकडा बदलताना ४१७ च्या जागी ४११ पडले, आणि प्रश्न पडद्यावर उमटेपर्यंत बोट एंटरवर गेलेले होते. खरे तर प्रश्न वाचला असता तरी उपयोग नव्हता, कारण त्यात ना संस्थेचे नाव होते ना गावाचे. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले. त्या सकाळचे संकलन मात्र संस्थेच्या सचिवांनी छापील पावत्यांवरून पुन्हा भरून दिले. हा दोष मी सहकाऱ्याचा नव्हे, साधनाचा मानतो.

इतर साधने काय करतात ते पाहिले. फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’ कमांडला लहान ‘आय’चा पर्याय दिला तर ती प्रत्येक फाइलला विचारते, हे ताकही फुंकून प्यायला लावणे झाले आणि त्यानेच न वाचता होकार देण्याची सवय लागते. मोठ्या ‘आय’ने ती तीनपेक्षा जास्त फाइली असतील किंवा आख्खा फोल्डर पुसायचा असेल तरच एकदा विचारते, हे मला शहाणपणाचे वाटते. सर्व्हरची मांडणी सांभाळणाऱ्या टेराफॉर्मच्या ‘डिस्ट्रॉय’ला ‘येस’ हा पूर्ण शब्द लागतो, तर कोड ठेवण्याच्या गिटहब संकेतस्थळावर रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोडसाठा) काढताना तिचे नाव टाइप करावे लागते. डेबियन लिनक्समधील ‘मॉली-गार्ड’ तर एसएसएचवरून (दुरून जोडून) सर्व्हर बंद करताना त्याचेच नाव विचारते, म्हणजे आपण कोणत्या यंत्रावर बसलो आहोत याची परीक्षाच घेते.

हाच मार्ग धरावा असे ठरवले, पण आमच्याकडे तो अडतो. कोड पुन्हा टाइप करायला लावला तर चुकीचा कोड समोरच दिसत असतो आणि माणूस तोच पाहून उतरवतो. संस्थेचे नाव विचारावे, तर दर दुसऱ्या गावची संस्था हनुमान किंवा भैरवनाथ असते. गावाचे नाव विचारून पाहिले आणि ‘दऱ्याचे वडगाव’पाशी अडकलो. त्यातला ‘ऱ्या’ काही कळफलकांवर एका सलग अक्षरसंकेताने, काहींवर ‘र’ला नुक्ता जोडून, तर काहींवर ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडक असा येतो. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याच्या पद्धतीने) पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो; त्यामुळे अक्षर न् अक्षर बरोबर असूनही साधन ‘जुळत नाही’ म्हणते.

दुसरी अडचण रात्रीच्या क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची आहे. चाचणीच्या संस्था तोच पुसतो आणि तिथे उत्तर द्यायला कोणी नसते. कोणीतरी त्यावर ‘येस’ कमांडची पाइप (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) लावून ठेवली आहे, म्हणजे कोणत्याही प्रश्नाला अखंड होकारच मिळतो. प्रश्न टाळून थेट पुसणारा सक्तीचा एखादा पर्याय दिला, तर चार दिवसांत सगळे तोच वापरू लागतील अशी भीती वाटते. तर टाइप करून घ्यावे तरी काय, आणि क्रॉनचे काय करावे?

प्रतिसाद

आपण सभासदसंख्या विचारून पाहावी. ती कमांडमध्ये नसल्यामुळे वरच्या बाणाने येत नाही. प्रश्नाआधी गाव, सभासदसंख्या आणि शेवटच्या संकलनाची वेळ दाखवा. खोट्या संस्थेत पाच सभासद असतात हे ठाऊक असलेल्या माणसाला २१२ टाइप करावे लागले, तर हात आपोआप थांबेल. आकडे देवनागरीत आले तरी पायथनचे आकडे वाचणारे ‘इंट’ ते स्वीकारते. नुसते एंटर हा नकारच समजावा. खोट्या संस्थांवर डेटाबेसमध्येच तशी खूण करून त्या न विचारता पुसू द्या, म्हणजे चालू संस्थेपुरता उरलेला प्रश्न माणूस वाचेल. क्रॉनला फक्त खूण केलेल्या संस्थांचाच अधिकार असावा, आणि चालू संस्थेच्या बाबतीत समोर टर्मिनल नसेल तर ‘इझएटीटीवाय’ या तपासणीने ते ओळखून साधनाने त्रुटी दाखवणारा निर्गमन संकेत देऊन थांबावे. मग पाइपही निकामी होते. माझ्या मते चालू संस्था लगेच पुसूच नये. ‘काढलेली’ अशी नोंद करून तीन बिले उलटल्यावर पुसावी.

धागाकर्ता

मनापासून आभार. खूण आणि सभासदसंख्या दोन्ही काल बसवले. ४११ वर मुद्दाम चालवून पाहिले, आणि संख्या टाइप करण्याआधी मी खरोखरच नाव वाचले. एक नवी अडचण मात्र दिसली : आउटपुट फाइलमध्ये वळवला की पायथनच्या ‘इनपुट’ने विचारलेला प्रश्नही फाइलमध्येच जातो आणि पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो. प्रश्न त्रुटींसाठीच्या वेगळ्या आउटपुट प्रवाहावर छापणे पुरेसे आहे, की अशा वेळी आउटपुटलाही टर्मिनल नाही हे पाहून साधनाने थांबणेच बरे?