एमजीए तापते म्हणून मूळ रेडिएटर बदलावा का?

सुहास, मडगाव

एमजीए १५०० सारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी मार्च उलटला की तापू लागते आणि मग इंजिनाचे पाणी थंड करणारा तिचा तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर काढून अ‍ॅल्युमिनियमचा नवा बसवण्याचा सल्ला मालकाला सगळीकडून मिळतो. माझ्या मते हा सल्ला घाईचा आहे. १९५५ ते १९६२ या काळात तयार झालेल्या या गाड्यांपैकी ज्या थोड्या आज गोव्यात आहेत, त्यांचा प्रत्येक मूळ भाग जपण्याजोगा आहे. तो काढायचा असेल तर दोष त्याचाच आहे हे आधी सिद्ध झाले पाहिजे.

पहिला प्रश्न असा की गाडी नेमकी कधी तापते. पर्वरीला उड्डाणमार्गाच्या कामामुळे लागलेल्या रांगेत तापमानाचा काटा चढतो आणि झुवारीच्या नव्या पुलावर गाडी मोकळी धावू लागली की तो खाली येतो, असे असेल तर रेडिएटर आपले काम करत आहे आणि कमतरता हवेची आहे. याउलट केरीहून चोर्ला घाट चढताना किंवा महामार्गावर बराच वेळ वेगात चालवताना काटा चढतच राहिला, तर पाण्याच्या वाटेत अडथळा आहे असे समजावे. तो अडथळा बहुतेक वेळा क्षारांचा असतो. वर्षानुवर्षे गाडीत विहिरीचे पाणी भरले गेले आहे आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींना उन्हाळ्यात खारेपणा येतो. रेडिएटरवाल्याने झाळ सोडवून वरची टाकी उचलली की नळ्यांची तोंडे दिसतात. काही तोंडांवर तपकिरी-पांढरा थर इतका घट्ट बसलेला असतो की बारीक सळईसुद्धा आत जात नाही. अशा रेडिएटरच्या नळ्या साफ कराव्यात किंवा टाक्या मूळ ठेवून मधली कोअर, म्हणजे नळ्या आणि पट्ट्यांची जाळी, नवी घालावी.

त्याहून महत्त्वाची गोष्ट इंजिनाच्या आत आहे. या गाडीचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, ओतीव लोखंडाचा आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला, शेवटच्या सिलिंडरभोवती, गंजाचा गाळ साचतो. ब्लॉकचा निचऱ्याचा नळ उघडल्यावर पाण्याचा थेंबही येत नाही आणि तारेने टोचल्यावर तांबूस चिखल बाहेर पडतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला नव्या रेडिएटरची घाई होणार नाही. ब्लॉक न धुता बसवलेल्या नव्या रेडिएटरच्या नळ्यांत हाच गाळ जाऊन बसतो आणि एक-दोन उन्हाळ्यांत तक्रार पुन्हा सुरू होते. राहिला धातूचा प्रश्न, तर तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून अधिक आहे. जुने म्हणून ते कमी प्रतीचे, हा समज खरा नाही.

श्रीकांत, म्हापसा

सुहासबाब, ब्लॉक आधी धुवावा याबद्दल दुमत नाही. परंतु आपले उरलेले म्हणणे मला मान्य नाही. तुलना केवळ तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची करून भागत नाही. जुन्या रेडिएटरमध्ये नळ्या पितळेच्या आहेत आणि त्यांना तांब्याच्या पातळ पट्ट्या शिशा-कथलाच्या झाळीने जोडलेल्या आहेत. पितळ आणि झाळ, दोन्हींची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी आहे. शिवाय साठ-पासष्ट वर्षांच्या हादऱ्यांनी ही झाळ जागोजागी सुटलेली असते. पट्टी नळीला टेकलेली दिसते, पण चिकटलेली नसते, आणि मग तांबे कितीही चांगले असले तरी उष्णता तिथपर्यंत पोचत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये नळी आणि पट्टी भट्टीत एकजीव केलेली असते. नळ्याही अधिक रुंद ठेवता येतात, त्यामुळे पट्ट्यांना लागणारा नळीचा पृष्ठभाग वाढतो.

आता हवामानाचा हिशेब मांडू. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि इंग्लंडमधील हवा १८ अंशांवर असेल तर हा फरक ७२ अंश. गोव्यात मे महिन्याच्या दुपारी हवा ३४ अंशांवर असते, म्हणजे फरक ५६ उरतो. पाणी आणि हवा यांचा प्रवाह तेवढाच धरला तर सर्व काही नव्यासारखे असलेला रेडिएटरही इथे एक पंचमांशाहून अधिक क्षमता गमावून बसतो. तापलेल्या डांबरावर, पुढच्या बसच्या धुरात उभ्या असलेल्या गाडीपुढची हवा ४५ अंशांवर गेली, तर हे नुकसान तिसऱ्या हिश्शाहून अधिक होते. ही गाडी मोकळ्या रस्त्यांसाठी आणि थंड देशासाठी बांधली गेली. ती इथे चालवायची असेल तर जास्तीची क्षमता तिला कुठून तरी द्यावीच लागेल.

मूळ भाग जपण्याचा मुद्दा मी मनापासून मानतो आणि म्हणूनच नवा रेडिएटर बसवावा असे म्हणतो. त्याच भोकांत, त्याच बोल्टांवर बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घेतला तर गाडीला कुठेही कापावे लागत नाही. मूळ रेडिएटर साफ करून, कोरडा करून घरात ठेवता येतो. याउलट कोअर बदलताना मूळ कोअर कायमची भंगारात जाते आणि तिच्या जागी बाजारात मिळेल ती, वेगळ्या घडणीची कोअर येते. यात जतन कोणते झाले, हे मला समजत नाही.

नंदिनी, फोंडा

आपण दोघेही रेडिएटरच्या आत पाहत आहात. मला वाटते की त्याच्या भोवती पाहावे. हवा नेहमी सोपी वाट शोधते. तोंडातील जाळीतून आलेली हवा रेडिएटरच्या कडेच्या फटींतून निसटू शकत असेल, तर ती कोअरमधून कशाला जाईल? या फटी बंद करणाऱ्या रबराच्या पट्ट्या बहुतेक गाड्यांतून रंगकामाच्या वेळी निघाल्या आणि परत बसवल्याच गेल्या नाहीत. एमजीएच्या पंख्याभोवती कवच नाही, त्यामुळे गाडी उभी असताना पंखा पात्यांसमोरच्या भागातूनच हवा ओढतो, शिवाय कोअरमधून न गेलेली इंजिनाजवळची गरम हवाही पुन्हा पुन्हा फिरवतो. पातळ पत्र्याचे कवच कोणताही पत्रेवाला बनवून देईल आणि कडेला रबर लावणे हे एका दुपारचे काम आहे. पर्वरीच्या रांगेतल्या त्रासावर माझा पहिला उपाय हाच असेल, मग रेडिएटर कोणत्याही धातूचा असो.

विनायक, पणजी

नंदिनीताईंच्या म्हणण्याला माझी पुस्ती जोडतो, कारण हवेचा विषय निघाला की लोक लगेच विजेच्या पंख्याकडे वळतात. वीज बनवायला एमजीएला आजच्यासारखा अल्टरनेटर नसून जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे. पूर्ण वेगातही तो सुमारे २० अँपिअरच देतो आणि इंजिन संथ चालू असताना जवळजवळ काहीच देत नाही. विजेचा पंखा सहज ८ ते १० अँपिअर खातो, तोही नेमका गाडी उभी असताना. रात्री दिवे लावून रांगेत अडकलात तर बॅटऱ्या उतरतात आणि इंजिन बंद पडल्यावर ते पुन्हा सुरू होत नाही. त्यातच या गाडीत बॅटरीचे धन टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेले असते, त्यामुळे आजचा पंखा तारांचा विचार न करता जोडला तर तो उलटा फिरून हवा पुढे ढकलतो.

आणखी एक कारण कोणी मांडलेले नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जुन्या मापांवर मिश्रणात इंधन कमी पडते, म्हणजे ते पातळ होते, आणि पातळ मिश्रणावर इंजिन अधिक तापते. या गाडीच्या एसयू कार्बोरेटरची सुई बदलून किंवा जेट (इंधन येण्याचे तोंड) किंचित खाली घेऊन मिश्रण नीट करता येते. इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे पडले असेल तर तेही तपासावे, कारण मग जळणाची बरीच उष्णता कामात न येता एक्झॉस्टच्या वाटेने हेडमध्ये आणि तिथून पाण्यात उतरते. हे दोन दोष रेडिएटरच्या माथी मारून पैसे खर्च करणारे मालक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते.

सुहास, मडगाव

श्रीकांतबाब, आपला हवामानाचा हिशेब बरोबर आहे आणि तो मी नाकारत नाही. मात्र त्याच हवामानात मीठही आहे. लोखंडी ब्लॉक, पाण्याची वाट उघडणारा-मिटणारा पितळी थर्मोस्टॅट आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्याने जोडले गेले की सर्वांत आधी अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये ताजी असेपर्यंतच ते वाचते. रस्त्यात पाणी कमी झाले आणि कोणी शेजारच्या विहिरीतून घागर आणून ओतली, की ते संरक्षण संपले. पितळेच्या टाकीला भोक पडले तर कोणत्याही गावात तिला डाग देता येतो. अ‍ॅल्युमिनियमची नळी फुटली तर मोले किंवा काणकोणला काय करणार?

कूलंटबाबत एक गोष्ट येथेच सांगतो. गोव्यात पाणी गोठत नाही, त्यामुळे पाणी गोठू न देणारे ग्लायकॉल निम्मे भरण्याचे कारण नाही. ग्लायकॉल जितके जास्त, तितके मिश्रण कमी उष्णता वाहते. डिस्टिल्ड पाणी जास्त आणि ग्लायकॉल कमी ठेवून गंजरोधक स्वतंत्रपणे घालावे.

श्रीकांत, म्हापसा

विहिरीचे पाणी अ‍ॅल्युमिनियमला घातक आहे, हे खरे. पण त्याच पाण्याने आपल्या पितळी नळ्या बंद केल्या, हे आपणच वर लिहिले आहे. डिस्टिल्ड पाण्याचा डबा डिकीत ठेवणे दोन्ही रेडिएटरांना सारखेच आवश्यक आहे. दुरुस्तीबद्दल म्हणाल, तर वास्कोपासून बेतीपर्यंत बोटींची कामे चालतात. अ‍ॅल्युमिनियमचे टिग वेल्डिंग करणारे कारागीर गोव्यात जितके सहज सापडतात तितके घाटावर सापडत नाहीत.

तरीही निर्णयाआधी एक चाचणी करण्यास माझी हरकत नाही. गाडी पुरेशी तापल्यावर वरच्या आणि खालच्या नळीचे तापमान मोजावे. वरची फार गरम आणि खालची बरीच थंड असेल तर पाणी हळू फिरत आहे. मग वॉटर पंप, थर्मोस्टॅट, बेल्ट आणि तुंबलेल्या नळ्या पाहाव्यात आणि सुहासबाबांचा मार्ग धरावा. दोन्ही जवळजवळ सारख्याच गरम असतील आणि काटा तरीही चढत असेल, तर कोअर उष्णता टाकू शकत नाही. अशा वेळी नंदिनीताईंचे कवच आणि रबराच्या पट्ट्या आधी लावाव्यात. त्यानंतरही मे महिन्यात आकडे तेच राहिले, तर मी मूळ रेडिएटर उतरवून अ‍ॅल्युमिनियमचाच बसवीन.