मदत हवी आहे: टोमॅटोच्या तोंडीलावण्यात पावाच्या चुऱ्याचा लगदा होतो

अबोली_डिचोली

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गोव्यात सकाळ-संध्याकाळ पोदेर (पाववाला) येतो आणि सासूबाई सवयीने दोन पाव जास्तच घेतात. उंडे (जाड कवचाचे गोल पाव), पाव, कधी पोई (कोंडा लावलेला पाव), दुसऱ्या दिवशी सगळंच चिवट. फोडणीचा पाव खाऊन घरचे कंटाळलेत. म्हणून सोमवारी, शिवराक (शाकाहारी) जेवण असतं तेव्हा, डाळ-भाताबरोबर टोमॅटो आणि पावाच्या चुऱ्याचं कोरडं तोंडीलावणं करते. तेलात मोहरी, भरपूर लसूण, टोमॅटोच्या फोडी, मीठ, तिखट, आणि फोडी मऊ झाल्या की वरून मिक्सरमधून काढलेला चुरा.

कढईत असेपर्यंत झकास दिसतं. ताटात येईस्तोवर चुरा टोमॅटोचं पाणी पिऊन बसतो आणि सगळं पिठूळ होतं, वर आंबटपणा उरतोच. मुलाला कुरकुरीत हवं. सासऱ्यांना कवळी आहे, त्यांना मऊ हवं, पण हे असं चिकट नको. ओव्हन नाही. आणि चुरा करून ठेवावा तर या हवेत चार दिवसांत डब्यात बुरशी. कोणी नीट जमवलंय का?

तवा_गरम

ताई, टोमॅटोत शेकडा ९४-९५ भाग पाणीच असतं. मीठ पडलं की ते बाहेर येणारच, मग ते मीठ कढईत घाला नाहीतर ताटात. तेव्हा आधीच काढून घ्या. फोडी करण्याऐवजी टोमॅटो आडवे अर्धे कापा, अंगठ्याने बिया काढा, आत मीठ चोळा आणि चाळणीवर पालथे ठेवा. वीस मिनिटांत खालच्या ताटलीत चांगलं पाणी जमतं. ते फेकू नका, डाळीत घाला.

दुसरं म्हणजे मिक्सर बंद. पीठ झालेला चुरा ओला झाला की खळच होते. पाव हातानेच चुरा, तांदळाच्या कणीपासून हरभऱ्याच्या डाळीएवढे ओबडधोबड कण हवेत. अर्धा किलो टोमॅटोला दोन पाव पुरतात. वेगळ्या तव्यावर चमचाभर खोबरेल किंवा तूप, त्यात ठेचलेला लसूण, मग चुरा, आणि मंद आचेवर हलवत राहायचं. हाताला कोरडा लागला, रंग बदामी झाला की लगेच ताटलीत पसरून टाका. तव्यावरच ठेवलात तर पुढे जळतो. मीठ या चुऱ्यात अजिबात नको, पावात असतंच.

टोमॅटो कापलेली बाजू खाली करून तापलेल्या तव्यावर ठेवा आणि उलथण्याने छेडू नका. कडा काळपट झाल्या की उलटा, दोन मिनिटं, उतरवा. चुरा वाढताना वर घालायचा, आधी नाही. झाकण तर कुठल्याच टप्प्यावर नाही. वाफ धरली की सगळी मेहनत पाण्यात.

माजघर

तवा_गरम यांची रीत मुलासाठी बरोबर. सासऱ्यांसाठी मात्र उलटं करा. तिथे पाव भिजायलाच हवा, फक्त पूर्ण भिजायला हवा. तुमचा लगदा होतो कारण चुरा अर्धवट भिजतो.

कांदा तुपावर गुलाबी करा, टोमॅटो (साल काढून, कवळीत अडकते) घालून चांगले शिजवा, रस सुटू द्या. शिळ्या पावाचे अंगठ्याएवढे तुकडे तव्यावर कोरडे भाजून त्या उकळत्या रसात सोडा, गॅस बंद करा, दहा मिनिटं झाकून ठेवा. ढवळायचं नाही, नाहीतर खीर होईल. ताज्या पावाचं हे होत नाही, तो लगेच विरघळतो. शिळा आणि भाजलेला तुकडा रस पिऊनही आकार धरून राहतो. वरून कोथिंबीर.

आंबटपणासाठी चिमूटभर खायचा सोडा घाला. फेस येतो, तो बसला की चाखून बघा.

तवा_गरम

सोडा नको हो. टोमॅटोची चवच जाते, साबणासारखं लागतं. माडाचा गूळ घाला, सुपारीएवढा.

माजघर

गुळाने आंबटपणा कमी होत नाही, नुसता झाकला जातो. ज्याला आम्लपित्त आहे त्याला तो बाधायचा तो बाधतोच. सोडा आम्ल खरंच मारतो. साबण लागतो तो जास्त घातल्यावर. मी म्हणते चिमूट, म्हणजे दोन बोटांची, तीन नाही.

मांडवीपार

माजघर ताईंनी सांगितलंय तेच इटलीत तोस्काना भागात करतात, नाव पाप्पा आल पोमोदोरो. शिळा पाव, टोमॅटो, लसूण, तुळशीच्या जातीची पानं, वरून ऑलिव्ह तेल. तिथला पाव अळणी असतो. त्यामुळे जालावरची कृती बघून तेवढंच मीठ घालाल तर आपल्या पावाबरोबर खारट होईल, सांभाळा. पोर्तुगालच्या आलेन्तेजू भागातली असोर्दाही याच जातीची, पण तिच्यात मुख्य चव लसूण आणि कोथिंबिरीची. शिळ्या पावावर गरम पाणी आणि वर अर्धकच्चं अंडं. शिवराक नसेल त्या दिवशी सासऱ्यांना अंड्यासकट देऊन बघा, आवडेल.

कुरकुरीतवाल्यांसाठी फ्रान्समधल्या प्रोव्हांसची पद्धत: अर्धे टोमॅटो, वर लसूण-पार्सलीचा चुरा, भट्टीत भाजायचे. पार्सलीऐवजी कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरून घाला, पानांपेक्षा त्याच टिकतात.

अबोली_डिचोली

सगळ्यांचे आभार! पालथे टोमॅटो आजच केले. बेळगावहून येणारे लांबट, जाड सालीचे होते, त्यांचं पाणी फारसं निघालं नाही, पण चुरा जेवण संपेपर्यंत कुरकुरीत राहिला. गावठी, चपटे, सुरकुतलेले मिळतात बाजारात, ते घेऊ का? आणि पोईचा चुरा चालेल? कडवट लागला मला.

तवा_गरम

तव्यासाठी लांबटच घ्या, गर जास्त आणि बी कमी. गावठी टोमॅटो माजघर ताईंच्या रसाला. त्यांचा आंबटपणा तिथे कामी येतो.

पोईला बाहेरून कोंडा असतो. पावाच्या आधी तोच करपतो, कडवटपणा त्याचा. पोई चुरण्याआधी कापडाने झटका आणि आच अजून कमी ठेवा. मला विचाराल तर चुऱ्याला उंडा सर्वांत चांगला, त्याचं कवच जाड असतं.

माजघर

उंड्यापेक्षा कांकण (बांगडीच्या आकाराचा पाव)! तो मुळातच कडक, चहात बुडवून खायचा. वाळवायची भानगडच नाही. रुमालात गुंडाळून वरवंट्याने दोन दणके दिले की चुरा तयार, आणि तुपावर निम्म्या वेळात लाल होतो. पोदेराला आदल्या दिवशी सांगून ठेवा, सगळ्यांकडे रोज नसतात.

बुरशीचं म्हणाल तर पावसाळ्यात चुरा बाहेर ठेवूच नका. पाव उरला की त्याच रात्री चुरून मंद तव्यावर पूर्ण कोरडा करा, पूर्ण गार होऊ द्या (गरम डब्यात भरलात की झाकणाला पाणी धरतं), मग पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. तिथून थेट तव्यावर. आणि पावावर एक जरी हिरवा डाग दिसला तरी तेवढाच कापून बाकीचा भाजून वापरायचा, हे करू नका. बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात, भाजून ते निर्धोक होत नाही. सासूबाईंना हे पटवणं तुमच्याकडे.

अबोली_डिचोली

पटवते 😄 कांकणं उद्यासाठी सांगितली आहेत. तिखटाचं कोणी बोललंच नाही. मी साधी पूड टाकते, ती चुऱ्याबरोबर भाजताना काळी पडते. अख्खी मिरची घालू का?

मांडवीपार

आपल्या गोव्यातल्या खोला किंवा हरमल गावची सुकी मिरची असेल तर तेलात आधी एक तळून बाजूला काढा, चुरा झाला की हाताने चुरडून मिसळा. पूडच घालायची असेल तर गॅस बंद केल्यावर, चुरा गरम असतानाच.